श्रीपादच्या चार लाइनी

श्रीपाद उदगीरकर आज ज्या ताटात जेवला त्यात उद्या जेवत नाही. त्याच्याकडे स्टीलची चार ताटं आहेत आणि चारींची पाळी ठरलेली आहे. माणूस एकटा, घासायचं ताट एकच, तरी पाळी चुकत नाही. एकदा त्याला ताप होता म्हणून मी मऊ भात घेऊन गेले आणि फळीवरचं हाताला लागलं ते ताट ओढलं. अंथरुणातून ओरडला, "अक्का, ते काल झालं! शेजारचं घ्या!"

"ताटं आहेत का सुना, पाळी लावायला?" मी म्हटलं.

"रिकामी पडलेली लाइन खराब होते, अक्का."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी भात वाढला आणि निघून आले. तापात माणूस बडबडतो म्हणावं, तर हा ताप नसतानाही हेच बोलतो.

काचीगुड्यात आमची दारं समोरासमोर आहेत. दहा वर्षांपूर्वी तो दोन पेट्या आणि वायरींचं एक भलंमोठं गाठोडं घेऊन आला. आता साठीला टेकलाय. लग्न केलं नाही. घरचे कोण होते, कुठे गेले, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मला लोकांच्या घरात डोकावायची सवय नाही. गॅलरीत मात्र डोकावावंच लागतं, कारण त्याची गॅलरी माझ्या खिडकीसमोर आहे. तिथे चार दोऱ्या. प्रत्येक दोरीवर दोन कपडे. धुतलेले कपडे सातच असले तर आठवा म्हणून तो कोरडा टॉवेल लटकवतो.

किराणा दुकानात दोन माणसं देणारी असली आणि सगळी गर्दी एकापुढे असली की याचा जीव खालीवर होतो. "वाटून घ्या, वाटून घ्या!" म्हणत तो अनोळखी बायकांना दुसरीकडे पाठवतो. एकीनं एकदा पिशवी उगारली होती.

आणि दुसरा नियम, "एक बोलणं, एक लाइन." मी गुडघ्याचं सांगत असले आणि खालून भाजीवाली ओरडली तर मला हलू देत नाही. "आधी गुडघा संपवा अक्का, मग भेंडी. अर्धं इकडे, अर्धं तिकडे केलं की समोरच्याला तुकडे मिळतात, बोलणं नाही मिळत." या नादात माझी भेंडी कितीदा तरी निघून गेली.

मी चौथीपर्यंत शिकले. त्याच्या नोकरीतलं जेवढं मला कळलं तेवढं सांगते. आमच्या भागात एक स्कॅन सेंटर आहे, तिथल्या वायरी तो सांभाळतो. दोन इमारती, मधे गल्ली. जुन्या इमारतीत गुडघ्याचे, छातीचे, डोक्याचे फोटो काढायची यंत्रं, नव्या इमारतीत ते बघणारे डॉक्टर. फोटो वायरीतून गल्ली ओलांडतात. पूर्वी वायर एकच होती. श्रीपादनं चार टाकल्या आणि चारी एकत्र बांधून त्यांची एक मोठी वाट केली. दोन वर्षं फोटो कसे पळत गेले. श्रीपाद गल्लीतून जाताना मान वर करून त्या वायरींकडे असा बघायचा, जसा कुणी आपल्या शेतातल्या उसाकडे बघतो.

या उन्हाळ्यापासून फोटो रांगायला लागले. माणूस स्कॅन करून बाहेर येऊन चहा पिऊन कंटाळला तरी त्याचा फोटो वाटेतच. बाकड्यांवर जागा उरेना. श्रीपादनं वायरी बदलल्या, टोकं बदलली, शिडीवर चढून चढून गुडघे माझ्यासारखे करून घेतले. वायरी जिथून निघतात त्या पेटीवर चारींचे चार दिवे लागलेले असायचे, पण लुकलुकायचा पहिला एकटाच. बाकीचे तीन नुसते डोळे उघडे ठेवून बसलेले. म्हणजे चार वाटा असून सगळी गर्दी एकीवर.

सेंटरच्या मॅडम शेवटी म्हणाल्या, "श्रीपादजी, सोमवारी दुसऱ्या कंपनीची माणसं येणार आहेत. तोपर्यंत झालं तर ठीक. नाही तर सगळं त्यांच्याकडे देऊ, तुम्ही आराम करा."

हे सांगताना तो माझ्या दारात उभा होता. "आराम करा म्हणाल्या, अक्का," एवढं दोनदा म्हणाला. त्या दिवशी दोरीवर सातच कपडे होते. टॉवेल नव्हता. मला ते काही बरं वाटलं नाही.

सोमवारच्या आदल्या दिवशी गौलीगुड्याच्या हॉलमध्ये आमच्या मराठी लोकांच्या गणपतीचा महाप्रसाद होता. वाढायची व्यवस्था दर वर्षी श्रीपादकडे असते, दुसऱ्या कुणाला तो करूच देत नाही. हॉलला चार दारं, आत चार टेबलं. ज्या दारानं आलात त्या दाराचं टेबल. गेल्या वर्षी हे फार छान चाललं होतं. मी या वेळी तिसऱ्या टेबलावर वरणाची पळी घेऊन उभी होते.

उभीच होते. माझ्याकडे कुणी येईना. दुसऱ्या आणि चौथ्या टेबलावरच्या बायकाही पदरानं माश्या हाकत होत्या. आणि पहिल्या टेबलावर अशी झुंबड, की भात वाढणाऱ्याचा नुसता हात दिसत होता. रांग बाहेर रस्त्यापर्यंत. श्रीपाद मधे उभा राहून ओरडत होता, "वाटून घ्या, वाटून घ्या!" पण त्यानंच नेमलेला दारावरचा माणूस नियमानं विचारत होता, "कोणत्या दारानं आलात? पहिल्या? मग पहिलं टेबल."

सेंटरचे इलेक्ट्रिशियन अन्वरभाई प्रसादाला आले होते. ते श्रीपादचे जुने सोबती, शिडी धरणारे. ते मला म्हणाले, "अम्मा, ये कैसा इंतजाम है? तीन टेबलां खाली पडे हैं!"

मी पळी ठेवली आणि दाराशी जाऊन बघितलं. मग हाक मारली. माझा आवाज बारीक नाही.

"श्रीपाद! चपलांचं स्टँड कुठे ठेवलंस?"

"पहिल्या दाराशी, अक्का! गेल्या वर्षी चपला चोरीला गेल्या होत्या ना, म्हणून या वर्षी सगळ्यांचं एकाच ठिकाणी केलं. मीच सुचवलं!"

"मग मेल्या, चपला काढून माणूस दुसऱ्या दाराला कशाला वळसा घालेल? शंभर घरची माणसं आली तरी दार एकच. दार काय विचारतोस? घर विचार!"

"मग एकेकाला एकेका टेबलावर पाठवू या," दारावरचा माणूस म्हणाला.

"नाही!" श्रीपाद ओरडला. "आई पहिल्याला आणि पोरगं चौथ्याला? जेवण होईल की शोधाशोध?"

"म्हणून तर घर विचार म्हणते," मी म्हटलं. "एका घरची माणसं एका टेबलावर. घरं शंभर आहेत, चार टेबलं आपोआप भरतील."

त्याच्या हातात पुरणपोळीचं ताट होतं. ते त्यानं जवळच्या एका बाईच्या हातात दिलं. त्याचा चेहरा असा झाला, जसा लॉटरी लागलेल्याचा किंवा भूत दिसलेल्याचा होतो.

"चपलांचं स्टँड," तो हळूच म्हणाला. "अन्वरभाई, उन्हाळ्यात जुन्या इमारतीत आपण ती नवी पेटी बसवली. सगळ्या यंत्रांचे फोटो आता तिच्यातूनच बाहेर पडतात."

"हौ. तुमीच बोले थे, हिफाजत के वास्ते."

"आणि वायरींच्या पेटीला घातलेला माझा नियम अजून दारच विचारतोय!"

आणि तो पळाला. अनवाणी. चपला स्टँडवर, आणि साहेब रिक्षात. अन्वरभाई हातातला लाडू तोंडात कोंबत त्याच्यामागे. इकडे मी दारावरच्या माणसाला बाजूला केलं आणि स्वतः विचारायला लागले. "कुठलं घर? काचीगुड्याचे कुलकर्णी? सगळे दुसऱ्यावर. तुम्ही? नांदेडहून आलात? चौथ्यावर." थोड्या वेळात चारी टेबलं भरली. माझं वरण संपलं. ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा संपलं, असं बायका अजून म्हणतात. म्हणू देत.

सोमवारी मी सेंटरमध्ये जाऊन बसले. गुडघ्याचा फोटो काढायचाच होता, आजच काढला तर बिघडतं कुठे? कंपनीची दोन माणसं आली होती. कोट, गळ्यात पट्टे, हातात पातळ कंप्यूटर. श्रीपाद रबरी स्लिपर घालून पेटीशेजारी उभा होता. मॅडम म्हणाल्या, "सगळी यंत्रं एकदम चालवा." माझा गुडघा आत गेला, कुणाची छाती गेली, कुणाचं डोकं गेलं.

मी लंगडत बाहेर येऊन काचेतून बघितलं. चारी दिवे लुकलुकत होते. एक, दोन, तीन, चार, नुसते नाचत होते. गल्लीपलीकडून डॉक्टरांचा फोन आला, की अम्मांचा गुडघा पोचला, आणि वाईट आहे. एवढ्या वेळात मी अजून बाकड्यावर टेकलेही नव्हते.

कोटातल्या मोठ्यानं विचारलं, "काय बदललंत?"

"विचारायचा प्रश्न बदलला," श्रीपाद म्हणाला. "आधी ही वायरींची पेटी बघायची, फोटोचा तुकडा कोणी हातात दिला. देणारी आता एकच, ती उन्हाळ्यातली नवी पेटी. म्हणून मग सगळे एका वायरीवर. आता ही बघते, तुकडा मुळात कुठल्या यंत्रातून निघाला आणि कुठे चाललाय. एक बोलणं एका वायरीवरच राहतं, पण बोलणी चारींवर वाटली जातात."

"बरोबर आहे," तो माणूस म्हणाला. तेवढा प्रामाणिक निघाला. मॅडमनी त्या दोघांना चहा देऊन वाटेला लावलं आणि श्रीपादला म्हणाल्या, "आराम राहू द्या." अन्वरभाईंनी शिट्टी मारली. सेंटरमध्ये शिट्टी मारायची नसते, तशी पाटी आहे. बाकड्यावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते माहीत नसताना.

दुपारी मी त्याच्या चपला द्यायला गेले. हॉलमधून मी त्या पिशवीत घालून आणल्या होत्या. तो अंघोळीला गेला होता, दार उघडं. आज चारी ताटं धुऊन ओट्यावर पालथी घातलेली. पालथ्या ताटांवर उजेड पडला होता, म्हणून मला मागच्या बाजूनं कडेला घातलेली नावं दिसली. भांड्यांच्या दुकानात टोचून घालतात तशी. दहा वर्षांत कधी दिसली नव्हती, माझ्यासमोर ताट नेहमी भरलेलं किंवा फळीवर उभं.

एकावर त्र्यंबकराव. एकावर सौ. सरस्वती. एकावर कु. नलिनी. एकावर चि. श्रीपाद.

मी चपला दाराशी ठेवल्या आणि घरी आले.  

दुसऱ्या दिवशी गुडघा धरत बेगम बाजारात गेले आणि एक ताट घेतलं. "नाव डाल दो," मी म्हटलं.

"शादी में देने का क्या अम्मा?" दुकानदारानं विचारलं.

"नै. रोज के वास्ते है." मी नाव सांगितलं. मशीन टर्र वाजलं.

संध्याकाळी श्रीपादच्या ओट्यावर ते ठेवलं. त्यानं उचललं, कडेला बोट फिरवून वाचलं, "अक्का." मग बराच वेळ पुसत बसला. कोरडंच होतं.

"पाळी पाचाची करावी लागेल," तो म्हणाला.

"कर."

त्या दिवशी पाळी नलिनीची होती. ते ताट त्यानं माझ्यासमोर मांडलं आणि स्वतः माझ्या नावाच्या ताटात वाढून घेतलं. एका वेळी दोन ताटं, त्या घरात मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

भात कच्चा होता. मी तसं सांगितलं, आणि आणखी वाढायला लावला.