पाच ते सहा : मोकळ्या हवेत फिरणे

एका सोमवारी मी आयुष्य सोपं करायचं ठरवलं. तशी वेळच आली होती. मी घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करतो. मला काम देणाऱ्या संपादकबाईंनी स्पष्टच बजावलं होतं, की आता एक जरी पुस्तिका उशिरा किंवा चुकांनी भरलेली आली, तर आपला संबंध संपला.

म्हणून मी वेळापत्रक केलं. (त्यात चार दिवस गेले. रंगीत पेन्सिली निवडण्यातच दीड दिवस.) सकाळी काम, दुपारी काम, त्या वेळात फोन बंद आणि पाच ते सहा मोकळ्या हवेत फिरणे. एक प्रत भिंतीवर लावली, दुसरी स्वतःवर जरब राहावी म्हणून संपादकबाईंना पाठवली.

बायकोने ते वाचलं आणि ‘छान आहे’ म्हणाली. चौदा वर्षांत माझी कुठलीही योजना तिला छान वाटलेली नव्हती, त्यामुळे मी तिथेच सावध झालो.

पुढे संशय वाढतच गेला. पाच वाजायला दहा मिनिटं असतानाच ती माझे बूट दाराशी आणून ठेवायची. एकदा पोटरीत गोळा आला म्हणून घरी थांबतो म्हणालो, तर मुकाट्याने तेलाची बाटली हातात दिली आणि हळूहळू चाला, पण चाला, असं सुचवलं. फिरून आलो की खुर्ची टेबलाच्या जास्त जवळ ओढलेली दिसायची. बोथट पेन्सिलींना टोकं आलेली असायची. घरातला फोन कानाला लावला तर कोमट लागायचा. बायको आणि सासरे स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजत असायचे आणि मी पाणी प्यायला गेलो की एकदम हवेबद्दल बोलायला लागायचे.

सासरे दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आले होते. कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. माणूस अबोल. अबोल माणसाच्या मनात काय चाललंय याचा पत्ता लागत नाही, म्हणून मी त्यांच्यावर विशेष नजर ठेवली होती. (खरं तर कामाच्या वेळेतले रोज दोन तास या नजर ठेवण्यातच जायचे. वेळापत्रकात त्याला रंग नव्हता.)

शेवटी एका गुरुवारी मी बूट घातले, दार मोठ्याने ओढलं आणि पावलं न वाजवता आत येऊन बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभा राहिलो. चादर चांगलीच ओली होती.

पाच वाजून तीन मिनिटांनी सासरे आले. माझ्या खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि मी त्या दिवशी केलेली पानं पुढे ओढून त्यांवर लाल खुणा करू लागले. बायकोने चहा आणून ठेवला. मला कधी टेबलावर चहा मिळत नाही, सांडतो म्हणून. तेवढ्यात मला शिंक आली.

बायकोने चादर बाजूला केली. मी जमेल तेवढ्या करड्या आवाजात विचारलं, “बाबा, माझ्या कागदांशी काय चाललंय?”

सासरे उठले नाहीत. “जावईबापू, तुम्ही लिहिलंय, यंत्र धावत असताना झाकण उघडू नये. हे धावत जातं कुठे?”

त्यांनी पान उलटलं.

“आणि इथे, वापरापूर्वी अंग कोरडं पुसावं. कोणाचं?”

“यंत्राचं,” मी म्हणालो.

“मग तसं लिहा ना.”

बायको खाली बघत म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. पण तसंच पाठवलं असतं तर काम हातचं गेलं असतं.”

आता रागवावं की आभार मानावेत, हे ठरत नव्हतं. अंगावरून पाणी गळत असताना रागवायला तसं जमतही नाही. तेवढ्यात फोन वाजला. सासऱ्यांनी सवयीने हात पुढे केला, पण मी आधी उचलला. संपादकबाई होत्या.

“आज तुम्ही घरी?” त्यांचा आवाज जरा पडला. मग सावरून म्हणाल्या, की वेळापत्रकाने जादू केली, पुस्तिका आता वेळेवर येतात आणि चूक शोधून सापडत नाही. मी छाती फुगवून आभार मानले.

“फक्त एक विनंती आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचं ते फिरणं सकाळी नऊपासून सुरू करता येईल का?”