वाघाचे पोटी

एका जंगलात, मुलांनो, गवत भरपूर होतं आणि घराणी त्याहून भरपूर होती. नीट मांडी घालून बसा, सांगतो. तिथे कुणी नवं भेटलं की आधी विचारायचं, "तुमचं मूळ कोणतं?" रामराम त्यानंतर.

त्या जंगलात नारोपंत नावाचं एक भेकर राहायचं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. आता भुंकणाऱ्या हरणाला मान कोण देणार? नारोपंतांना याचं फार वाईट वाटायचं. त्यातून लेक बकुळा लग्नाला आलेली. पोरगी गुणी होती, फक्त एक खोड होती. जे दिसेल ते ती बोलून टाकायची.

बकुळेला सांबराचं स्थळ आलं. मुलाचे वडील सांबरराव शिंगं सावरत म्हणाले, "मुलगी पसंत आहे. पण आम्ही सुनेचं घराणं तपासून घेतो. कागद दाखव."

नारोपंत धावत साळिंदराकडे गेले. साळिंदर जंगलाचे दप्तरदार होते, कारण लेखण्या त्यांच्या अंगावरच होत्या. त्यांनी जुन्या पानांचे गठ्ठे उपसले. शेवटी एक पान सापडलं. त्यावर लिहिलं होतं, 'हैबतराव भेकर, वाघाचे पोटी'. पुढचा शब्द वाळवीने खाल्ला होता.

"वाघाचे पोटी!" नारोपंत आनंदाने भुंकले. "म्हणजे आमचे पणजोबा वाघाच्या पोटी जन्मले!"

"किंवा वाघाच्या पोटी गेले," बकुळा म्हणाली.

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. काय हो दप्तरदार, पुढे काय होतं?"

"ते वाळवीलाच ठाऊक," साळिंदर म्हणाले. "अशा वेळी अर्जदाराने आपल्या सोयीचा शब्द भरायचा, असा नियम आहे."

नारोपंतांनी शब्द भरला. साळिंदरांनी शिक्का मारला.

पण सांबरराव वस्ताद. ते म्हणाले, "कागद काय, हल्ली कुणीही करून आणतं. रक्त तपासून घे."

डबक्याकाठी जळूबाईंची रक्ततपासणी चालायची. तिथे उपाशीपोटी जावं लागे. जळूबाईही उपाशीच बसलेल्या असत. त्यांनी नारोपंतांचा नमुना घेतला, जरा जास्तच घेतला. मग पाणवठ्यावर झोपलेल्या वाघोबांच्या मिशांवरून दुसरा नमुना आणला. दोन्ही चाखून पाहिले आणि निकाल लिहून देत सांगितलं.

"वाघोबांच्या तोंडी तुमचंच रक्त आहे. नव्याण्णव टक्के."

"आणि उरलेला एक टक्का?"

"ससा."

नारोपंतांना अंगणभर नाचावंसं वाटलं. बकुळा मात्र म्हणाली, "बाबा, आत्या परवा पाण्यावर गेली, ती परत आलेली नाही."

"बड्या नातेवाइकांनी ठेवून घेतली असेल," नारोपंत म्हणाले.

बकुळेला रडू आलं. आत्या तिची फार लाडकी होती.

इकडे सांबररावांनी निकाल पाहिला आणि ते एकदम 'अहो-जाहो'वर आले. "साखरपुडा उरकून टाकू. पण तुमची भावकी हजर पाहिजे हं! आमच्या पाहुण्यांना कळू दे, आम्ही कुणाशी सोयरीक करतोय."

नारोपंत उंच कड्यावर चढले आणि तिथून त्यांनी वाघोबांना आमंत्रण दिलं. वाघोबांना आजवर कुणीच जेवायला बोलावलं नव्हतं. ते वेळेच्या आधी आले.

पाहुणे एकमेकांमागे लपू लागले. बकुळा बापाच्या कानाशी लागली. "बाबा, अजूनही सांगून टाका, शब्द चुकीचा भरला म्हणून. लग्न मोडलं तर मोडू दे."

नारोपंतांनी सांबररावांकडे पाहिलं. सांबरराव त्यांच्याकडे हात जोडल्यासारखे बघत होते. भेकराकडे असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"या दादा, या," नारोपंत वाघोबांना म्हणाले. "वाटच पाहत होतो!"

वाघोबांनी कागद वाचला. जळूबाईंचा निकाल वाचला. मग मान हलवून म्हणाले, "कागद चोख आहेत. आमच्यात रक्ताच्या नातेवाइकांना दात लावत नाहीत. नारोबा, तुम्ही आणि पोरगी निर्धास्त राहा. बरं, हे शिंगवाले कोण?"

"हे आमचे व्याही."

"रक्ताचे?"

नारोपंतांनी छाती फुगवली. असल्या बाबतीत आपलं आणि परकं यातला फरक स्पष्ट असावा, असं त्यांचं मत होतं.

"छे, अजून तरी नाहीत," ते म्हणाले.

सांबरराव पहिल्याच पंगतीत आटोपले. नवरदेव बाशिंग बांधण्याआधीच डोंगरापलीकडे गेला. बकुळा मटकन खाली बसली आणि दोन्ही खुरांत तोंड लपवून रडू लागली.

वाघोबांनी मिशा पुसल्या. नारोपंतांच्या पाठीवर मायेने पंजा ठेवला.

"नारोबा, पोरीला अशी ठेवू नका. लगेच दुसरं स्थळ बघा. माणसं जरा भरल्या अंगाची असू देत. आणि मला कळवायला विसरू नका."

घरातल्या वडीलधाऱ्यांनी पोरीच्या लग्नात इतकं जातीने लक्ष घालावं! नारोपंतांचे डोळे भरून आले.

तात्पर्य : घराणं मोठं करायचं असेल, तर घरातल्या शहाण्या मुलीला बोलू देऊ नये.