हैबतरावांच्या हनुवटीविषयी लक्ष आंगठ्यांची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, आणि वाचणाराचे धीरास आगाऊ दंडवत घालून, घडले तैसे लिहितो. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, आषाढमास. ते समयी राज्यात पीकपाणी बरे, सरहद्दीवर शत्रू नाही, आणि म्हणोनच प्रजेस भांडावयास सवड फार.

राज्यात झंझावातराव म्हणोन एक वीर होते. खरे नव्हेत, महाराजांचे पडद्यावरील खेळातले. तांबडा झगा पांघरून आकाशमार्गे उडत, दुष्टांस लोळवीत, आणि मुखावर काळा मुखवटा असे, त्याखालून हनुवटी तेवढी दिसे. त्या हनुवटीवर प्रजेचा जीव. नऊ वर्षे ती हनुवटी हैबतराव नटाची होती. मग दोरांस लटकून लटकून हैबतरावांचे गुडघे कामातून गेले, आणि राजवैद्य बोलिले की आता घरचा जिना चढाल तेवढे पुष्कळ, आणि मग महाराजांनी सुभानजी नामे मल्लखांबावरचा उमदा गडी निवडून त्याचे नाव जाहीर केले. जाहीर होण्याचा अवकाश, राज्यात हलकल्लोळ उडाला.

प्रजेत हरएकाचे हाती काचेची पाटी होती. पाटीवर बोट टेकिता मजकूर शंभर कोस जाय, आणि पाठविण्याआधी तो वाचावाच ऐसा नेम नव्हता. कोणी लिहिले की सुभानजीची हनुवटी वाटोळी, तिजला पाहून चोरास दया येईल. कोणी त्याचे लहानपणीचे जत्रेतले चित्र शोधून आणिले आणि पुसिले, हा आकाशपाळण्यात बसून रडतो, हा उडणार काय? ज्यांनी पाच वर्षांत एक खेळ पाहिला नव्हता त्यांनीही सुतक धरिले, आणि मग जो तो आपले बालपण बुडाले म्हणोन ऊर बडवू लागला.

हे सर्व गाऱ्हाणे जेथे येऊन पडे त्या कचेरीचे चिटणीस गिरमाजीपंत. तीस वर्षांची चाकरी, आणि त्यांनी पाहिलेले हे तिसरे झंझावातराव. दरवेळी हाच आक्रोश, हीच हनुवटी. पंतांस आता राग येत नसे, हसू येत नसे, मान तेवढी दुखे. राज्याचा दंडक ऐसा होता की एका हरकतीखाली लक्ष प्रजाजनांचे आंगठे उमटले तर नटास निरोप द्यावा, मात्र हरकतीचा मजकूर भर दरबारी एकवार मोठ्याने वाचावा. आणि श्रावण लागता लागता लक्ष आंगठे भरले.

सुभानजी कचेरीत येऊन बाकावर बसला. गावी मल्लखांबाची तालीम मोडून, आईस निरोप देऊन आलेला, परत जावयास तोंड नव्हते. बोलिला, "पंतकाका, मी अजून एकदासुद्धा उडलो नाही हो. उडू तर द्या, मग शिव्या घाला." पंत म्हणाले, "लोक आहेत बाबा, बोलतात. मनावर घेऊ नकोस." आणि म्हणता म्हणता त्यांस आठवले की नऊ वर्षांमागे याच बाकावर बसून हैबतराव रडले होते आणि आपण हेच शब्द बोलिलो होतो.

हैबतरावही येत, काठी टेकीत, दर मंगळवारी. परत उडणे नशिबी नाही हे त्यांस ठाऊक होते. परंतु येत, आणि बाळबोधपणे पुसत, "किती आंगठे झाले, पंत?" पंत आकडा सांगत. मग त्यांचे मुख उजळे. बोलत, "सुभानजीचं वाईट व्हावं असं नाही हो मनात. पण लोक विसरले नाहीत, एवढं कळलं की घरी जिना चढायला बरं पडतं." नव्यास पडणारी प्रत्येक शिवी त्यांस आपल्यावरील मायाच वाटे, आणि पंतांसही ते मोडवत नसे.

दरबाराचे आदले दिवशी पंतांनी मजकूर प्रथमच शेवटपर्यंत वाचिला. कोण्या आळशाने नवे लिहिण्याचा ताप नको म्हणोन नऊ वर्षांमागील, तेव्हा लक्ष आंगठे न भरलेली हरकत जशीच्या तशी उचलिली होती, नाव बदलणे राहिले होते, आणि लक्ष लोकांनी न वाचिता आंगठे उमटविले होते. सारी प्रजा मागत होती की हैबतरावांस हाकलून द्या. पंतांनी लेखणी उचलिली. एक नाव खोडिले की हैबतरावांचे सुख राहते, आणि सुभानजी गावी जातो. न खोडिले तर उलट. पंतांनी लेखणी ठेविली, उचलिली, ठेविली, आणि कंटाळून नव्हे, खरोखर जीव तुटून, कागद तैसाच दप्तरात बांधिला.

दरबार भरला. हैबतराव नवा अंगरखा घालून पुढेच बसले होते. पंत वाचू लागले, "याचे हनुवटीत वादळ नाही. हा चालतो तो म्हैस तळ्यातून निघाली ऐसा. आमचे बालपण मातीस मिळविले. सबब," आणि येथे पंतांनी कागद खाली केला, आणि दरबार ताटकळला. तों हैबतराव काठीवर उठिले. हळू बोलिले, "वाचा की, पंत. अडलात? मी सांगतो. सबब हैबतराव नामे नट तत्काळ दूर करावा. मला हे नऊ वर्षं पाठ आहे."

महाराजांनी कागद मागवून पाहिला आणि आज्ञा केली की प्रजा हैबतरावांस दूर करा म्हणते, ते दूर झालेच आहेत, प्रजेची मर्जी राखिली, सुभानजींनी उद्यापासून उडावे. सुभानजी हैबतरावांचे पाया पडला. त्यांनी त्याची हनुवटी धरून पाहिली आणि म्हणाले, "वाटोळी आहे खरी. चालेल." मग जाता जाता पंतांस पुसिले, "एवढ्या ढिगाऱ्यात एखादा तरी कागद असेल का हो, मी गेलो म्हणून कुणाला वाईट वाटल्याचा?"

पंतांनी तीन दिवस जेवणवेळ सोडून सगळा ढिगारा उपसला. हनुवटी सापडली, झगा सापडला, बालपणे तर पोत्याने सापडली. गुडघे कैसे आहेत, हे एकानेही पुसिले नव्हते. तेव्हा तीस वर्षांत ज्यांनी स्वतःचे मत कोठे मांडिले नव्हते त्या पंतांनी कोरा कागद घेतला आणि लिहिले, "हैबतराव गेले, मला वाईट वाटले. गुडघे कसे आहेत ते कळवावे." खाली आंगठा उमटविला आणि हरकाऱ्याहाती धाडिला. सायंकाळी उत्तर आले, "दुखतात. चहाला या." पंत कचेरी लवकर बंद करून गेले.

तात्पर्य, सुभानजी उडाले, दिवाळीपावेतो प्रजेस त्यांची हनुवटी गोड लागली, आणि जुनी हरकत पंतांनी फडताळात हाताशीच ठेविली, पुढे लागेल म्हणोन. आंगठे लक्ष झाले, पत्र एक झाले. घडले ते इतके.