अमृतराव पडद्यावर येईनात

१९९८ साली अख्ख्या आदिलाबादेत कॉम्प्युटरचं पोट उघडून त्यात स्वतःच्या हातानं नवं ग्राफिक्स कार्ड बसवणारा फोटोग्राफर एकच होता. तो म्हणजे मी, भगवंतराव. पडद्यावर चित्र उमटवणारं ते कार्ड देताना नागपूरचा इंजिनियर म्हणाला होता, "मी येऊन बसवून देतो." मी म्हटलं, "चार स्क्रूचं तर काम हाय. तुमी काऊन एवढ्या दूर येता?"

चार दिवसांनी जवळच्या मावला गावचा खुशाल दुकानात आला. त्याचा थोरला भाऊ अमृतराव दहा दिवसांपूर्वी वारला होता. तेरवी तोंडावर आलेली, आणि घरात दादाचा एकच फोटो, तोही ओल लागून डागाळलेला. तो साफ करून मोठा करायचा होता.

"वहिनी घासभर खाऊन नाही राह्यली," खुशाल म्हणाला. "दादाचा चेहरा तरी समोर राहू द्या."

मी फोटो स्कॅन केला आणि फोटो दुरुस्तीच्या प्रोग्रॅममध्ये उघडला. कडेची बटणं दिसली, वरची पट्टी दिसली, आणि मधे जिथं अमृतराव यायला पाहिजेत तिथं काळंभोर. खोल विहिरीत वाकून पाहावं तसं. बंद करून पुन्हा उघडला. काळा. पुन्हा स्कॅन केला. काळा. गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो उघडून पाहिले, तर सगळे लख्ख.

"जिते मानसं दिसून राह्यले," खुशाल हळूच म्हणाला. "दादाच काऊन नाही?"

पौषातली ढगाळ दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पुन्हा अमृतरावांचा फोटो उघडला आणि खुशालनं पडद्याकडे बोट केलं.

"भगवंतराव, पाहा. दादा आत हाय."

काळ्या चौकोनात खरंच एक चेहरा होता. फोटोत होता तसाच फेटा, तशाच जाड मिशा. तो आमच्याकडे एकटक पाहत होता. खुशालनं हात जोडले, आणि त्या चेहऱ्यानंही जोडले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. काळ्या काचेचा आरसा झाला होता, आणि दोघं भाऊ एका तोंडवळ्याचे, फेटाही सारखाच बांधणारे होते. मी खुशालला तसं समजावलं. तो हसला नाही. "तरीपन," एवढंच म्हणाला.

त्याची भीती घालवावी म्हणून मी भिंतीवरचा माझा स्वतःचा मोठा फोटो खाली उतरवला, स्कॅन केला आणि उघडला.

काळा.

खुशाल पडद्यावरून माझ्याकडे वळला. "तब्येत बरी हाय ना तुमची?"

"चांगली हाय."

"दादाचीबी चांगलीच होती."

उद्या येतो म्हणून तो गेला. मी अर्धं शटर ओढून एकटाच त्या काळ्या चौकोनासमोर बसलो. छातीत डावीकडे दुखायला लागलं. थोड्या वेळानं उजवीकडे.

दिवेलागणीला घरी गेलो. बायको, बयनाबाई, भाकरी थापत होती.

"बयना, ऐकून घे. मी राहीन, नाही राहीन."

"काऊन? कुठं चालले?"

"तुझ्या बहिनीच्या लग्नातला तो रोल. तुझ्या बाबाचा शेवटचा फोटो होता त्याच्यात. रोलच खराब निघाला, असं सांगतलं होतं मी तुले. तसं नाही. कॅमेऱ्याचं झाकन मीच भर उजेडात उघडलं होतं."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, तरी ती बोलली नाही.

सकाळी उठलो तेव्हा जिवंत होतो. एसटीडी बूथवर जाऊन नागपूरला फोन लावला.

"कार्ड तुमीच बसवलं ना?" इंजिनियर म्हणाला. "ते तुमच्या मशीनशी जुळलं नाही. छोटं चित्र निघते, मोठं आलं की काळं पडते. कंट्रोल पॅनेलमधी सिस्टीम उघडा, मग परफॉर्मन्स, मग ग्राफिक्स. तिथली सरकपट्टी पार डावीकडे आना. मग कार्डाचं काम कॉम्प्युटर स्वतःच करते. हळू चालेल, पन दिसेल."

"म्हनजे मानूस मरत नाही ना?"

इंजिनियरनं विचारलं, "कोन बोलून राह्यलं?"

मी फोन ठेवला.

खुशालच्या समोरच पट्टी सरकवली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि फोटो उघडला. वरून एकेक रेघ उतरत गेली. आधी फेटा, मग कपाळ, मग डोळे. खुशालनं काचेला बोट लावलं आणि फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. तेरवीला त्याच्या रुख्मिणीवहिनींनी साफ करून मोठ्या केलेल्या त्या फोटोपुढं पान वाढलं आणि नंतर स्वतः दोन घास खाल्ले, असं त्यानं मागाहून सांगितलं.

माझाही फोटो लख्ख दिसला. मी हलक्या पावलांनी घरी गेलो.

"बयना, कार्डाचा दोष होता. मले काही होत नाही."

कालपासून ती पहिल्यांदाच बोलली. "बरं झालं. आता बसा इथं, आन् बाबाचा फोटो कसा गेला, ते पहिल्यापासून सांगा."