तीस हंड्यांचा दिवा

धरणाच्या काठावरच्या कुसवाडीत दिवा नव्हता, आणि त्यात कुणाचीच चूक नव्हती. विजेच्या तारा गावावरनंच जायच्या, पण त्यांना खाली उतरायचं काही कारण नव्हतं.

बायका पहाटे अंधारात उतारावरनं पाण्याला जायच्या. तिथंच कोंडाजीच्या बायकोचा, यशोदेचा पाय मोडला. कोंडाजी चिंचवडला कारखान्यात लेथवर होता. शिफ्ट सुटल्यावर तो तडक वीजकचेरीत गेला आणि पाणवठ्यावर एक बल्ब मागितला. एकच, चाळीस वॅटचा.

तिथले रंगराव साहेब न्यायाचा माणूस. दुष्काळाचं साल, वीजकपात चाललेली. धरणाचं पाणी घाटाखाली किती खोल पडतं, त्यातनं किती वीज निघते, सगळा हिशोब त्यांनी मांडला. एका युनिटला पाणी नऊशे लिटर. बल्ब रातभर जळला तर पंधरा लिटरचे तीस हंडे.

"गाव रोज किती उपसतं?"

"असतील दोनशे हंडं."

"म्हणजे रोज सात दिवे पिऊन टाकता, कोंडाजी, आणि वर आठवा मागता."

कोंडाजी वरमला. आपलं गाव इतकं उधळं असंल, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

साहेबांनीच तोड काढली. तीस हंडे वाचवा, खांब घ्या. गावानं वाचवले. अंघोळ एक दिवसाआड, म्हशी धुणं बंद, पाव्हण्याला नुसता गूळ. जाईबाई म्हातारीनं तर आमटीत पाणी घालणंच सोडलं. एवढं झाल्यावर बायकांची पहाटेची खेपच वाचली.

साहेब जीपनं तपासायला आले, खूश झाले. यशोदा बाजेवर पाय लांब करून बसलेली. तिनं विचारलं, खांब कुठं रोवताय.

"आता पहाटे पाण्याला कोण जातं?" साहेब म्हणाले.

"कुनी न्हाई. त्येच तर वाचवलं."

"मग दिवा कुणासाठी?"

'गरज आढळली नाही' असा शेरा मारून साहेबांनी फाइल मिटली. यशोदा म्हणाली, मग बायका उद्यापासनं परत जातील पहाटेच्या. साहेबांनी खुशाल जा म्हणून सांगितलं. फक्त दिव्याचं पाणी तेवढं उरणार नाही.

कोंडाजीनं भीत भीत विचारलं, "आन् वाचवल्याल्या तीस हंड्यांचं काय झालं, साहेब?"

"त्याची वीज झाली. गेली तारेनं. पेटला असेल बल्ब कुठंतरी, एखाद्या चांगल्या माणसाच्या घरी."

ते चांगलं माणूस कोण, हे कुसवाडीला अजून कळलेलं न्हाई. तुमी निवांत वाचा. वाचून झालं की दिव्याचं बटण तेवढं बंद करा; बायका उताराला लागल्यात.