एका सकाळीत उरकलेलं वर्ष

वामनरावांनी निरोगी आयुष्याचा संकल्प केला तेव्हा त्यांच्या हातात दुसरा आलूबोंडा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे वर्षभर जे झालं त्यात तेवढाच एक खरा क्षण होता.

एक जानेवारीची सकाळ. जठारपेठेतल्या घरात वामनराव सोफ्यावर, पोट मांडीवर आणि मोबाईल पोटावर. खुशालरावांचा मेसेज आला होता. खुशालराव म्हणजे ‘सुप्रभात निरोगी मंडळा’चे अध्यक्ष. हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, पण धाकात ठेवायला कोणीतरी लागतंच, म्हणून त्यांनी कॉलनीतले रिटायर लोक धरले होते. फर्मान असं होतं: प्रत्येक सभासदानं दर महिन्याला एक नवा व्यायाम किंवा नवा छंद धरायचा आणि महिनाअखेरीस त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. फोटो नाही, तर व्यायाम झालाच नाही. जो बाराही महिने टिकेल त्याचा एकतीस डिसेंबरला शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि त्याचं वर्ष पडद्यावर सगळ्यांना दाखवणार.

मेसेजमधला व्यायाम वामनरावांना दिसलाच नाही. शाल तेवढी दिसली. (वऱ्हाडातला रिटायर माणूस शालीसाठी काय वाटेल ते करतो, फक्त घाम गाळत नाही.)

समोर त्यांचा मुलगा अश्विन चहा पीत होता. अश्विननं अमरावतीला जाऊन इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं होतं. शिकवणाऱ्यांनाच ते येत नाही, असं त्याचं मत होतं, आणि ते मत त्यानं वर्गात उभं राहून मांडलंही होतं. आता तो घरी बसून लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायचा. वामनराव याला ‘रिकामं बसणं’ म्हणत. सरकारी खुर्चीवर झोपा काढून पेन्शन मिळवलेल्या माणसानं दुसऱ्याला रिकामं म्हणावं, याचा अश्विनला भयंकर राग येई. पण ताटात गरम भाकरी असली की राग थोडा पुढे ढकलावा लागतो.

आणि ताटात भाकरीबरोबर धामणगाव असायचंच. धामणगाव रेल्वे या गावी अश्विनच्या मामाची, किसनरावांची, धान्याची आडत होती. पोरगं तिथं नेऊन गादीवर बसवलं की आपण सुटलो, असा वामनरावांचा बेत. अश्विनला आडतीत जायचं नव्हतं. त्याला गच्चीवरच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ टाकायचा होता. त्या खोलीत सध्या एक मोडकी सायकल आणि वामनरावांच्या ऑफिसच्या काळातल्या फायली राहत होत्या. दोन्ही कधी हलल्या नव्हत्या.

संकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वामनराव पहिल्या सूर्यनमस्काराला वाकले, ते बायकोनं, वच्छलाबाईंनी, येऊन उभे करेपर्यंत तसेच राहिले.

“अश्विन, इकडे ये बे,” कंबरेला मलम लावून घेता घेता ते म्हणाले. “कम्प्युटरवर माणसाले बारीक करता येते म्हणते ना?”

“येते. पण मंडळातले लोक तुमाले रोज पाह्यते, बाबा. फोटोत बारीक आन् दारात जाडे, कसं जमन?”

“मंग बारा महिने उड्या मारू काय मी या वयात?”

इथे अश्विननं चूप राहायला हवं होतं. पण हुशार माणसाची जीभ त्याच्या आधी घराबाहेर पडते. तो म्हणाला, “बारा महिने कायले पायजे? एक सकाळ पुरते.”

वामनरावांनी मान वळवून (कंबर वळत नव्हती) आपल्या वाया गेलेल्या पोराकडे पहिल्यांदा आदरानं पाहिलं.

“हे जमवून दे. मले शाल भेटली का धामणगावचं नाव काढणार नाही. वरची खोलीबी तुही.”

“आन् नाही भेटली तं?”

“तं दुसऱ्या दिवशी मामासंगं गाडीत बसायचं. बोलायचं काम नाही.”

पुढच्या मंगळवारी सकाळी बापलेक गच्चीवर चढले. अश्विननं सगळा विचार केला होता. उन्हाळ्याचे कपडे, पावसाळ्याचे कपडे, दिवाळीचा कुर्ता, सगळं क्रमानं ठेवलं होतं. घोटाळा नको म्हणून फोटोही महिन्यांच्या क्रमानंच काढायचे ठरले. जानेवारीत मफलर. फेब्रुवारीत डंबेल्स (खरे आणले होते, पण उचलेनात, म्हणून थर्माकोलचे रंगवले). मार्चमध्ये बासरी. मे महिन्यात डोक्याला दुपट्टा आणि कपाळावर स्प्रेनं मारलेला घाम. जूनमध्ये ‘पावसातला योग’ होता. त्यासाठी अश्विननं रेनकोट घातलेल्या, हातात छत्री धरलेल्या बापाच्या अंगावर टाकीतलं जानेवारीचं पाणी बादलीनं ओतलं. त्या एका फोटोत वामनरावांच्या चेहऱ्यावर जी तपश्चर्या दिसते ती शंभर टक्के खरी आहे. अश्विननं दोनदा ओतलं. पहिल्यांदाच फोटो चांगला आला होता.

वच्छलाबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. “लोकाले फसवा तुमी,” त्या म्हणाल्या, “पण त्या पँटीच्या बटनाले कसं फसवसान?” आणि खाली निघून गेल्या.

मग वर्ष सुरू झालं. दर महिनाअखेरीस अश्विन त्या बारांतला एक फोटो उचलायचा, वामनराव मावतील एवढाच कापायचा आणि ग्रुपवर टाकायचा. खाली हात जोडलेले आणि अंगठे उठलेले. वामनराव फेरीला जात, पण कोपऱ्यावरच्या कचोरीच्या गाडीपर्यंतच. तिथं बसून ते बाकीच्यांना आहार समजावून सांगत. जुलैपर्यंत तर त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं की आपल्याला बासरी येते. कोणी वाजवा म्हटलं की म्हणत, “गुरूनं वर्षभर लोकांत वाजवू नका म्हणून सांगितलं.” गुरू कोण हे कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्यांचं एक बरं असतं, एकमेकांना ते खोलात जाऊन विचारत नाहीत. त्यांची सगळी चौकशी पोरांसाठी राखून ठेवलेली असते.

डिसेंबरात निकाल लागला. बाकीचे सभासद कुठे ना कुठे गळले होते. बाराही फोटो फक्त वामनरावांचे. खुशालरावांनी अश्विनला बोलावलं.

“तुझ्या वडिलांच्या वर्षाची फिल्म तूच तयार कर. मुलानं वडिलांकडून काहीतरी शिकलं पाहिजे.”

अश्विननं दात आवळून होकार दिला. आता एकदा शाल खांद्यावर पडली की खोली आपली, एवढंच त्याला दिसत होतं. कामात मात्र त्यानं जीव ओतला. मोठ्या पडद्याला मोठा फोटो हवा, म्हणून कापलेले न घेता मूळचे पूर्ण फोटो घेतले. प्रत्येक फोटोत बाप तंतोतंत एकाच जागी उभा राहील असा जुळवला, म्हणजे कपडे आणि ऋतू बदलतात पण साधक ढळत नाही, असा परिणाम. (असलं सुचतं म्हणूनच कॉलेज सोडलं, असं तो स्वतःला म्हणाला.) त्याच्या लॅपटॉपच्या पडद्याचा वरचा उजवा कोपरा कॉलेजात असतानाच पडून काळा झाला होता. तेवढ्या कोपऱ्यात काही नसतंच, आभाळच असतं, असं समजायची त्याला सवय झाली होती.

एकतीस तारखेच्या संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला. सभासद, त्यांच्या बायका, शेजारीपाजारी. पहिल्या रांगेत मागच्या घरातल्या रुख्मिणीबाई, त्यांच्यामागे वच्छलाबाई, आणि शेजारी खास धामणगावहून आलेले किसनराव मामा. वामनरावांनीच बोलावलं होतं. एकतर सत्कार बघतील, नाहीतर भाचा घेऊन जातील.

वामनरावांनी वर्षभराचा आढावा घेतला. तो लांबला. शरीर हे मंदिर कसं आहे, आळस माणसाला कसा खातो, आणि आजची तरुण पिढी (इथे त्यांनी लॅपटॉपजवळ बसलेल्या अश्विनकडे बोट केलं) उठता उठत नाही. मग दिवे गेले, संगीत लागलं आणि भिंतभर जानेवारी उगवला.

मध्यभागी मफलरमधले वामनराव. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, मागच्या गच्चीवर, रिकामी दोरी आणि तिच्याखाली बादली घेऊन उभ्या रुख्मिणीबाई.

अश्विननं आपल्या लॅपटॉपच्या काळ्या कोपऱ्याकडे पाहिलं.

फेब्रुवारी. वामनरावांच्या हातात डंबेल्स, दोरीवर एक उशीचा अभ्रा. मार्चमध्ये बासरी, दोरीवर दोन अभ्रे आणि एक चादर. एप्रिलमध्ये रुख्मिणीबाई बादलीत वाकलेल्या. मे महिन्यात परकर. जूनमध्ये वामनराव मुसळधार पावसात छत्री धरून काकडत होते आणि त्यांच्यामागे लख्ख उन्हात रुख्मिणीबाई गोधडी झटकत होत्या. बाप जागचा हलत नव्हता. हलत होतं ते फक्त धुणं. अश्विननं जुळवलंच होतं तसं. ऑक्टोबरात रुख्मिणीबाई कंबरेवर हात ठेवून सरळ हॉलमधल्या लोकांकडे पाहत होत्या, हे काय चाललंय म्हणून. नोव्हेंबरात त्यांच्या हातात चहाचा कप. डिसेंबरात दोरी गच्च भरली आणि त्या बादली घेऊन जिन्याकडे निघाल्या.

संगीत संपलं. लोकांची तोंडं उघडी होती आणि ती बंद कशी करायची हे कोणाला आठवत नव्हतं.

अंधारात मागून कोणीतरी म्हणालं, “बाई, वर्षभर एकच धुणं चालू होतं काय तुमचं?”

दिवे लागले. खुशालरावांचा चेहरा कॉपी पकडलेल्या हेडमास्तरासारखा झाला होता. “रुख्मिणीबाई, ही दोरी तुमची?”

“माहीच हाय,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. त्या मनापासून खूश दिसत होत्या. “लेकीच्या लग्नाचे पाहुणे गेले ना, त्या मंगळवारचं धुणं हाय हे. तुमी सारे जेवले होते लग्नात. मले त्या दिवशी लय भेव लागलं. पोट्टं बापाच्या अंगावर बादली ओतून राह्यलं आन् हे छत्री धरून थरथरून राह्यले. मी तं वच्छलाले विचारलंबी, डॉक्टरले दाखवलं काय म्हणून.”

सगळ्या माना वामनरावांकडे वळल्या. वामनरावांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या शालीकडे पाहिलं आणि मग, कुठलाही बाप जे करतो तेच केलं.

“मी तं नुसता उभा होतो,” ते म्हणाले. “डोकं सारं पोट्ट्याचं हाय.”

अश्विन उभा राहिला. त्याला राग येणार होता, पण आधी धक्काच बसला होता. राग रांगेत मागे उभा होता. तो आला तेव्हा सगळ्यांवर आला.

“व्हय, डोकं माहंच. मी नाही म्हणत नाही. आता तुमी सांगा. या वर्षात खरा व्यायाम कोणं केला? हात वर करा.”

एक हात वर गेला, पण तो टक्कल खाजवायला. फेब्रुवारीत पोहण्याचा फोटो टाकणारे एक गृहस्थ चष्मा पुसू लागले. खुशालराव स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. (मार्चमधला त्यांचा शीर्षासनाचा फोटो म्हणजे उभ्याचाच फोटो उलटा फिरवलेला, त्यात पँट खाली लोंबायच्या ऐवजी वर लोंबत होती, हे अश्विनला तेव्हाच कळलं होतं. धंद्यातला माणूस म्हणून तो गप्प बसला होता.)

पण शाल आणली होती. नारळ आणला होता. फोटोवालाही बोलावला होता. आमच्याकडे आणलेली शाल कोणाच्या तरी खांद्यावर पडल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. खुशालरावांनी घसा खाकरला.

“पुराव्यावरून,” ते म्हणाले, “वाकणं, उचलणं, हात ताणणं, हे बाराही महिने एकच व्यक्ती करताना दिसते.”

आणि टाळ्यांच्या कडकडाटात शाल रुख्मिणीबाईंना मिळाली. त्यांनी ती दोन बोटांत धरून चोळून पाहिली. “पह्यल्या धुण्यात रंग जाते इचा,” त्या म्हणाल्या, आणि माईक परत केला.

अश्विन वायर गुंडाळून बाहेर आला. संपलं. शाल गेली, खोली गेली. उद्या गाडी. फाटकाजवळ किसनराव मामा उभे होते, बाजूला वामनराव आणि वच्छलाबाई. मामा हसत नव्हते. ते भाच्याकडे खालून वर पाहत होते, पोत्यात हात घालून धान्य पाहावं तसे.

“मामाजी, माफ करा,” अश्विन म्हणाला. “तुमाले उगाच धामणगाववरून यावं लागलं.”

“अबे, मी आज नाही म्हणायलेच आलो होतो,” मामा म्हणाले. “वच्छलाले सकाळीच सांगितलं, पोट्टं मले दुकानात नको. विचार तिले.”

वच्छलाबाईंनी मान हलवली. म्हणजे वर्षभर काहीच केलं नसतं, बापाला वाकलेलाच ठेवला असता, तरी तो सुटला असता.

“मंग... मंग तं झालं ना,” तो म्हणाला. “नका नेऊ.”

“तसं कसं?” मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. “एका सकाळचा माल बारा महिने दाखवला तुनं, आन् साऱ्या पंचायतीले पुरवला. पकडल्या गेला तं उलट त्यायलेच हिशेब विचारला. असा माणूस मी किती दिवसाचा शोधून राह्यलो. सकाळच्या गाडीनं निघू.”

“पण तुमी नाही काहून म्हणत होते आधी?” अश्विननं शेवटचा प्रयत्न केला.

“मले वाटे,” मामा म्हणाले, “पोट्टं सरळ हाय.”

“छ्या,” वामनराव छाती काढून म्हणाले. “माहं पोट्टं हाय ते.”