शलमोनाचा समुद्र आणि आमची टाकी

टेंभी नाक्यामागच्या आमच्या सोसायटीत सकाळी सातला अंगणातून आरोळी येते, "चौदाशे बथ! शलमोनाच्या समुद्राला सहाशे कमी!" नवीन भाडेकरू दचकून खिडकीत येतात. आम्ही चहा ओतत राहतो. एझ्राकाका थळकरांनी पाण्याची टाकी मोजलेली असते.

काका बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे. काकांनीही जन्मभर तेलच पाहिलं, पण बंदरावर. तेलाच्या जहाजांच्या टाक्यांत पितळी ओळंबा लावलेली टेप सोडायची आणि आत किती माल आहे ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर जहाजं सुटली, टेप राहिली. मग त्यांनी धर्मग्रंथातली मापं हाती घेतली. बथ म्हणजे साधारण बावीस लिटर, ओमेर त्याचा दहावा भाग, आणि एकशे एकोणतीस बथ म्हणजे जहाजाच्या आकारमानाचा एक रजिस्टर टन. हे मला पाठ आहे, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि सेक्रेटरीला पळून जाता येत नाही.

शलमोन राजाने मंदिरात पितळेचं एक अवाढव्य घंगाळ करवून घेतलं होतं. त्याचं नावच समुद्र. "दोन हजार बथ!" काका सांगतात. "म्हणजे साडेपंधरा रजिस्टर टन. आपली टाकी जरा लहान पडली हो." हे त्यांनी वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहायला लावलं. फक्त एक सल होता. ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी त्याच समुद्राचं माप तीन हजार बथ दिलंय. त्यावरून ते सिनेगॉगमध्ये तीन जणांशी भांडून आलेले.

त्यांचं आणखी एक पालुपद होतं. टाकीचा पंप उशिरा बंद झाला आणि पाणी वाहिलं की ते ओरडायचे, "काठोकाठ भरायचं नसतं! वर मोकळी जागा ठेवा. तेल तापलं की फुगतं, त्याला जागा लागते." मी म्हणायचो, "काका, हे पाणी आहे." ते म्हणायचे, "सवय चांगली असावी."

शनिवारी मात्र टेप कपाटात. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा वार, मोडायचा नाही. म्हणून त्या शनिवारी सकाळी झाकण सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी बनियनवरच गॅलरीत गेलो. काका टाकीपाशी गुडघ्यावर बसलेले. आरोळी नाही. टेप वर घेतली, पुसली, पुन्हा सोडली. मला भीती वाटली. मी मुळात भित्रा माणूस आहे, पण एवढी भीती लिफ्ट बंद पडल्यावरसुद्धा वाटली नव्हती.

बायको मागून हळूच म्हणाली, "अहो, आरोनचा फोन आलेला नाही म्हणे. दहा दिवस झाले."

आरोन हा काकांचा एकुलता एक मुलगा, तेलाच्या जहाजावर इंजिनियर. काकू जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात काका एकटेच. ज्या सामुद्रधुनीतून आरोनचं जहाज जायचं होतं तिथे जहाजांवर हल्ले होत असल्याचं टीव्हीवर रोज दाखवत होते. कंपनीच्या ऑफिसातून एकच उत्तर यायचं, संपर्क होत नाही, कळवू. आम्ही टीव्हीचा आवाज बारीक ठेवायला लागलो. जिन्यात काका दिसले की मी खिशात किल्ली शोधत बसायचो.

सोमवारी मात्र वर गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर वही आणि त्यात आकडेच आकडे.

"या सेक्रेटरी, बसा," काका म्हणाले. "आरोनच्या जहाजात एक लाख घनमीटर तेल मावतं. म्हणजे शलमोनाचे दोन हजार दोनशे बहात्तर समुद्र. एवढे समुद्र पोटात घेऊन जाणारं जहाज एका समुद्राला घाबरेल का हो?"

मी मान हलवली.

"पण तीन हजार बथांचा समुद्र धरला तर पंधराशेच भरतात." त्यांनी वहीचं पान उलटलं. "साडेसातशे समुद्र कमी होतात हो. रात्रंदिवस तेच करतोय. तुम्हीच सांगा, कुठला धरू?"

ज्या माणसाला मी वर्षानुवर्षं हसत आलो, त्याच्यासमोर मला रडू येईल की काय असं झालं. "दोन हजारांचाच धरा, काका," मी म्हणालो. "तोच बरोबर आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तीन हजारांच्या हिशेबावर काट मारली. मग म्हणाले, "एलियाहू हन्नाबीला नवस बोललोय. आरोनचा फोन आला की एक बथ पोह्यांचा मलिदा."

मंगळवारी सकाळी आरोळी आली नाही. टाकीचं झाकणही सरकलं नाही. सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली तेव्हा दार उघडायला मी बायकोलाच पुढे केलं.

दारात काका. कालचाच शर्ट, डोळे लाल.

"सेक्रेटरी, सोसायटीचं पूजेचं मोठं पातेलं हवंय," ते म्हणाले. "नेमकं एक बथाचं आहे, मी मोजलंय मागे. पोहे भिजवायचेत."

बायको तिथेच मटकन बसली आणि रडायला लागली. मग सगळ्या मजल्यांवरून नारळ, गूळ, केळी, खजूर येऊ लागले. काकांच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच जण खोबरं खवत होतो. प्रार्थना झाली. मी पातेल्यात मलिदा दाबून भरत होतो, तेवढ्यात काकांनी माझा हात धरला. काठ अजून चार बोटं वर होता.

"काका, नवस पूर्ण एक बथाचा होता ना?"

"असू दे," ते हळूच म्हणाले. "काठोकाठ नको. त्याला परत त्याच वाटेने यायचंय."